गर्मीत मागं, थंडीतबी मागं

आमच्या दुकानात लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. तिच्यात आम्ही मेलेले सेल टाकतो. कम्प्युटरच्या पोटात तो रुपयाएवढा, चपटा, गोल सेल असतो ना, तो. आधी वाटलं होतं, महिन्याला दोन-चार जमतील, भंगारवाल्याला देऊन टाकू. आता ती बरणी गच्च भरली आणि शेजारी दुसरी ठेवावी लागली. किश्श्यांचंही तसंच झालंय. एकेका सेलमागं एकेक किस्सा, आणि भंगारवाला किस्से घेत नाही! मग तुमच्यासारखं कुणी चहाला आलं की सांगत बसतो.

आम्ही तिघं. मी गजानन, नांदेडला कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. मोईनभाई माझा भागीदार, मूळचा देगलूरचा, हात सोन्याचा आणि जीभ मिरचीची. तिसरी शुभांगी. आमच्याकडं शिकायला म्हणून आली, वर्षभरात आम्हालाच शिकवायला लागली, आणि आता लातूरची शाखा सांभाळते. शाखा म्हणजे एक गाळा, दोन टेबलं आणि ती.

तिचा नवरा पुण्याला नोकरीला. त्यानं आणि सासऱ्यांनी मिळून तिला मुदत दिली होती. दिवाळीपर्यंत लातुरात एखादं मोठं गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि पुण्याला जायचं. शुभांगीला जायचं नव्हतं. तिनं जावं असं मलाही वाटत नव्हतं, पण तोंडावर सांगायची सोय नव्हती, लगेच डोक्यावर बसली असती! किस्से ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

तक्रारी काय, रोज पन्नास येतात. प्रिंटर चालत नाही, कीबोर्डवर चहा सांडला, उंदरानं वायर खाल्ली. ते सगळं मी विसरतो. विसरत नाही ते घड्याळाचं. कम्प्युटर कधी चुकत नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस त्याच कम्प्युटरच्या कोपऱ्यातला टाईम कधी बघत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

*

धर्माबादला मिरचीची एक आडत आहे. तिथं कम्प्युटर दुरुस्त करायचा म्हणजे आधी नाकाला रुमाल बांधायचा. शुभांगी तेव्हा नांदेडलाच होती, आम्ही तिघंही गेलो. ती शिंकत शिंकत आत गेली आणि बिघाड काय आहे ते बघायच्या आधी तिचं लक्ष कोपऱ्यातल्या टाईमकडं गेलं. तो चांगला पाव तास मागं होता.

"शेटजी, हा टाईम कशावरून लावता?"

"मुनीमजी लावतेत. रोज सकाळी, भिंतीवरच्या घड्याळावरून. एक दिवस चुकत न्हाई."

मुनीमजी कौतुकानं हसले. शुभांगीनं त्यांना विचारलं, "आणि भिंतीवरचं घड्याळ?"

"ते दर शनिवारी लावतो. कम्प्युटर बघून!"

म्हणजे आंधळा आंधळ्याचा हात धरून चाललाय, आणि दोघंही खुशीत! कम्प्युटर रोज थोडा मागं पडायचा, त्याला भिंत साथ द्यायची, आणि शनिवारी भिंत अधिकृतपणे मागं जायची. असं किती महिने चाललं होतं ते मिरचीलाच माहीत. शुभांगीनं आपला मोबाईल काढून शेटजींच्या पुढं धरला. त्यांनी मोबाईल बघितला, कम्प्युटर बघितला, भिंत बघितली आणि मांडीवर थाप मारली.

"तरीच म्हणलं, ह्या बाजारातले समदे लोक रोज माझ्या आधी कामून येऊन राहिले!"

*

परत येताना मोईनभाईला चैन पडेना. "घड्याळात बी क्वार्ट्झ, कम्प्युटरमधी बी क्वार्ट्झ. माझं मनगटावरचं बरं चालतंय, मग ह्याला काय धाड भरली?"

शुभांगीनं त्याला समजावलं, आणि त्या निमित्तानं मलाही समजलं. मी इतकी वर्षं सेल बदलतोय, पण आत काय चालतं याचा कधी विचारच केला नव्हता. तर आत क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा बारीकसा तुकडा असतो. विजेचा धक्का दिला की तो थरथरतो, सेकंदाला बत्तीस हजारांच्या वर. कम्प्युटर ती थरथर मोजतो आणि म्हणतो, चला, झाला एक सेकंद. कम्प्युटर बंद असताना हे काम त्या चपट्या सेलवर चालतं. चालू केला की तो आतला टाईम एकदा बघून घेतो आणि पुढं स्वतःची वेगळी मोजणी सुरू करतो. तीही चुकतच असते. कारण कुठलाच तुकडा अगदी दुसऱ्यासारखा कापला जात नाही. त्यात त्याचं वय होतं, त्यात ऊन-थंडी. मनगटावरच्या घड्याळाला बिचाऱ्याला दिवसभर अंगाची ऊब मिळते, म्हणून ते बरं चालतं.

मोईनभाईचा कुणावर विश्वास नाही. त्यानं एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आलेले तीन कम्प्युटर घेतले, इंटरनेट तोडून तिघांना एकच टाईम लावला. एक माळ्यावर पत्र्याखाली, एक काउंटरवर, एक आतल्या खोलीत. नांदेडचा मे महिना होता. महिन्यानं बघितलं तर तिघांची तीन मतं, आणि पत्र्याखालचा सगळ्यांत मागं.

मोईनभाई खूश. खडू घेऊन भिंतीवर लिहिलंच त्यानं. "गर्मीत मागं गेला, तर थंडीत पुढं जाणार. शर्त!" शुभांगी नुसती हसली. तिथंच मला शंका आली होती.

थंडी आली. पत्र्याखाली सकाळी हात गारठायचे. त्यानं पुन्हा टाईम लावला, पुन्हा महिनाभर थांबला, आणि माळ्यावरून खाली उतरला तो डोकं खाजवतच. कम्प्युटर याही वेळी मागंच पडला होता! हा छोटा स्फटिक असतोच तसा. ना गरम ना गार अशा बेताच्या हवेत तो नीट थरथरतो, तिथून इकडं गेला काय की तिकडं, सुस्तावतोच.

"गर्मीत मागं, थंडीतबी मागं," मोईनभाई भिंतीवरचं पुसत म्हणाला. "हा क्वार्ट्झ न्हाई मियाँ, हा माझा मेव्हणा हाय!"

*

हदगावच्या बाजूच्या एका शाळेतून फोन आला, "इंटरनेट कंपनी फसवून राहिली. नेट चालू हाय, पर एक बी साईट उघडत न्हाई."

मी गेलो. कम्प्युटरची खोली झकास, प्रत्येक मॉनिटरला कापडी झबलं. शिपाईमामा शिस्तीचे, वीज पडायच्या भीतीनं रोज शाळा सुटली की मेन स्विच बंद. आणि सगळ्या कम्प्युटरांचे सेल मेलेले. म्हणजे रोज रात्री यांची स्मृती जायची आणि रोज सकाळी ते आपल्या जन्मसालात जागे व्हायचे. आता वेबसाईटकडं ओळखपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. कम्प्युटर म्हणायचा, हे ओळखपत्र तर अजून जन्मालाच आलेलं नाही, मी दार उघडत नाही! त्याच्या बाजूनं त्याचं बरोबरच होतं.

हेडमास्तर म्हणाले, "तारखेचं माहीत हाय आम्हाला. त्याची सोय केलेली हाय. आज ती पोरगी गैरहजर हाय म्हणून घोळ झाला."

सोय कसली? शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं, स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री, तसं. या शाळेत एक तारीख मंत्री होती! सातवीतली मुलगी. रोज प्रार्थना झाली की ती प्रत्येक कम्प्युटरपुढं बसून तारीख-वार-टाईम घालायची आणि मग शाळेचं डिजिटल शिक्षण सुरू व्हायचं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळे सेल बदलले. टाईम आपोआप इंटरनेटवरून येईल असंही करून दिलं. तारीख मंत्री दारात उभी राहून बघत होती. खोलीत फिरून तिनं एकेक कम्प्युटर तपासला. सगळीकडं तारीख बरोबर होती. तिचा चेहरा पडला.

"सर," ती हेडमास्तरांना म्हणाली, "माझं काय चुकलं होतं?"

हेडमास्तरांनी तिला त्याच दिवशी पाणीपुरवठा खातं दिलं.

*

देगलूरचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. बहिणीचा लॅपटॉप. मेव्हणा दुबईला कामाला, त्यानं तिकडून पाठवलेला.

"भाई, ह्याच्यात काहीतरी घुसलंय. मी टाईम लावतो, नेट चालू केलं की पुन्हा दीड तास मागं. जिन हाय का काय?"

मोईनभाईनं एक नजर टाकली. "जिन न्हाई रे. दुबई हाय!"

बघा, हे मला फार आवडतं. त्या लॅपटॉपचा टाईम चुकलेलाच नव्हता. जगाचा टाईम त्याला अगदी बरोबर माहीत होता. आपण कुठं आहोत, तेवढं त्याला माहीत नव्हतं. कुणीतरी दुबईत एकदा सांगितलं की तू दुबईत आहेस, आणि तो प्रामाणिकपणे दुबईतच राहिला. मोईनभाईनं त्याला एका मिनिटात देगलूरला आणलं.

दोन दिवसांनी पोरगा परत. तोंड एवढंसं.

"भाई, ताई म्हणते पहिल्यावानी करून द्या."

"कामून? आता तर ठीक चालतंय."

"ती रोज कोपऱ्यात बघायची. आता दाजीची ड्युटी सुटली असंल, आता जेवाय बसले असतील, आता झोपले असतील. आता म्हणती, काहीच कळंना गेलंय."

मोईनभाई, जो गिऱ्हाइकाला टोमणा मारल्याशिवाय सोडत नाही, त्यानं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. मग त्यानं कोपऱ्यात दोन घड्याळं लावून दिली, एक इथलं, एक तिथलं. पोरगा गेल्यावर मला म्हणाला, "पैसे घेतले न्हाई मी. तू काही बोलू नको."



*

लातूरच्या एका कॉलेजातल्या हजेरीच्या मशीनचा किस्सा शुभांगीचा. बोट लावायचं मशीन, त्याचं घड्याळ चांगलं पंधरा-वीस मिनिटं मागं. कधीपासून? कुणी सांगायला तयार नाही. हा आमच्या धंद्यातला नियमच आहे. घड्याळ पुढं गेलं तर सकाळी दार उघडायच्या आत दहा फोन येतात. मागं पडलं तर वर्षभर कुणी ब्र काढत नाही!

शुभांगी तिथं वेगळ्याच कामाला गेली होती. तिनं सहज म्हटलं, "सर, मशीनचा टाईम लावून देऊ का?" तर स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. एक सर तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कशाला उगं चालत्या गाड्याला खीळ?"

ती प्राचार्यांकडं गेली. ते शांतपणे म्हणाले, "राहू दे. मला माहीत हाय."

"सर, पण सगळे उशिरा येतात."

"येतेत की. पर सुटायचा टाईम बी त्याच मशीनवर असतोय. तेवढाच वेळ संध्याकाळी जास्त बसतेत, अन् अजून एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई!"

*

आता दवाखान्याचं. लातुरातला एक मोठा खाजगी दवाखाना, मालकीण डॉक्टर मॅडम, बोलायला करड्या. शुभांगीनं तिथं किती खेटे घातले असतील! हे काम मिळालं तर तिची शाखा राहणार होती, आणि दिवाळी तोंडावर आली होती. मॅडम दाद लागू देत नव्हत्या.

दार उघडलं ते एका मामानं. भाच्याला ताप आला म्हणून दवाखान्यात आणलेलं. मामा दोन कागद नाचवत थेट मॅडमच्या केबिनमध्ये. एकावर रक्त घेतल्याचा टाईम, दुसऱ्यावर रिपोर्ट तयार झाल्याचा.

"मॅडम, तुमचा दवाखाना लई पुढं गेला! रक्त काढायच्या आधीच रिपोर्ट तयार! मग लेकराला सुई कामून टोचली?"

मॅडमनी त्याच दिवशी शुभांगीला बोलावलं. अट अशी, आधी कॅज्युअल्टी आणि लॅब एवढंच करून दाखव, मग बघू.

शुभांगीनं एक कम्प्युटर प्रमुख केला. इंटरनेटवर टाईम सांगणारे सर्व्हर असतात, ते अणुघड्याळांशी जोडलेले. प्रमुखानं थोड्या थोड्या वेळानं त्यांना विचारायचं, एकाला नाही, तिघा-चौघांना, म्हणजे एखादा चुकला तरी कळतं. बाकीच्यांनी प्रमुखाला विचारायचं. स्फटिक चुकणारच, त्याला कुणी सुधारू शकत नाही. पण चूक मोठी व्हायच्या आत पुन्हा पुन्हा विचारत राहिलं की झालं. धर्माबादच्या भिंतीला फक्त बाहेर बघायचं माहीत नव्हतं.

कॅज्युअल्टीचा कम्प्युटर पुढं होता. मदतीला आलेल्या मोईनभाईनं माऊस धरून काटा एकदम मागं ओढायची तयारी केली. शुभांगी ओरडली, "भाई, थांबा! एकदम मागं नेला तर तीच मिनिटं दोनदा येतील, रिपोर्टांची आणखी खिचडी होईल. त्याला नुसतं हळू चालवायचं. खरा टाईम मागून येऊन गाठेल."

मोईनभाईनं माऊस ठेवून दिला. तेव्हापासून तो बायकोला हेच सांगतो, "मला ओढू नको, हळू चालव!"

दोन्ही खात्यांचे कागद जुळायला लागले. पण मॅडम काही "बाकीचं कर" म्हणेनात.

*

मग जुळ्यांचं प्रकरण आलं. त्या दिवशी मी आणि मोईनभाई लातूरलाच होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

निलंग्याकडचं शेतकरी कुटुंब. सुनेला जुळे मुलगे. पहिला लेबर रूममध्ये नॉर्मल झाला. दुसरा आडवा आला, म्हणून तिला घाईघाईनं ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, तिथं सिझर. आता लेबर रूमचा कम्प्युटर पुढं आणि थिएटरचा मागं. छापून आलेल्या दोन कागदांवर दुसरा आधी जन्मला आणि पहिला नंतर!

बारसं दोन दिवसांवर. आजोबांनी नवस बोललेला, थोरल्या नातवाला आपल्या वडिलांचं नाव. सून टाके दाखवायला आली होती, तिच्याबरोबर ते कागद घेऊन आले. शुभांगीलाही मॅडमनी बोलावून घेतलं, तिच्यामागं आम्ही दोघं.

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मी स्वतः होते. नॉर्मल झालेला तो थोरला."

"तुम्ही म्हणता ते खरं असंल. पर तुमचं तोंडी हाय, कागद छापील हाय. उद्या शाळेत कागद बघतेत, तुमाला कुणी बोलवणार न्हाई."

मला त्यांचं पटलं.

मॅडम शुभांगीकडं वळल्या. "त्या दिवशी दोन्ही घड्याळं किती किती चुकत होती, ते मला लेखी दे. त्यावर मी नोंद दुरुस्तीला पाठवते. हे जमवलंस तर पूर्ण दवाखाना तुझा."

शुभांगी तासभर खाली-वर करत होती. परत आली तेव्हाच तिचा चेहरा सांगत होता.

"मॅडम, लेबर रूमचा किती पुढं होता, ते मी सांगते. पण थिएटरचा कम्प्युटर परवाच बदललाय, जुना भंगारात गेलाय. तो त्या दिवशी किती मागं होता, ते आता कळायला मार्ग नाही."

"अंदाजे?"

मोईनभाई माझ्या कानाशी कुजबुजला, "लिही म्हणावं न काहीतरी. कोण बघाय बसलंय?" खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं.

"अंदाजानं लेखी नाही देणार मी," शुभांगी म्हणाली.

गेलं लातूर, मी मनात म्हटलं. पुण्याची बस मला डोळ्यांपुढं दिसायला लागली. मी उगाच पंख्याकडं बघत बसलो.

तेवढ्यात खुर्चीवर बसलेली ती सून बोलली. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन्ही लेकरं तिच्या मांडीवर, एक इकडं, एक तिकडं.

"मामंजी, थोरला कोण ते घड्याळाला कामून इचारून राहिलाव? मला इचारा की. मी होते तिथं!"

आधी मॅडम हसल्या, मग आजोबा, मग सगळेच. आजोबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मॅडमनी कागद पुढं ओढला. "मी माझ्या सहीनं लिहून देते, आधी कोण, नंतर कोण. दुरुस्ती मी बघते." मग शुभांगीला म्हणाल्या, "आणि तू, सोमवारपासून सगळे कम्प्युटर घे हातात. अंदाजानं लिहून देणारे माझ्याकडं भरपूर आहेत."

मोईनभाईनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दुसरं काही सुचेना! शुभांगी नुसती उभी होती, डोळे भरलेले.

सुनेनं मात्र आजोबांच्या हातातले ते दोन छापील कागद घेतले होते. ती बराच वेळ एकदा हा, एकदा तो वाचत होती. मग तिनं शुभांगीला हाक मारली.

"ताई, तुमाला कळतंय म्हणून इचारते. ह्या कागदांवर धाकटा आधी आला अन् थोरला मागून. मग दोघांच्या मधी मी ज्या कळा सोसल्या, तेवढा टाईम कुठं गेला?"